४८ आणि ५२ मिळून ४८५२ कसे होतात?

हळदीचा हंगाम ऐन भरात असताना सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी वेबपानांसाठीच्या जावास्क्रिप्ट या भाषेत हिशोबाचा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. पोत्यांची वजनं भरायची, दर भरायचा, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल वजा करायची, की खाली पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात द्यायचा विक्रीचा हिशोब, तयार. दुसऱ्याच दिवशी दुकानातल्या अण्णांचा फोन आला. "अरं, दोन पोत्यांचं वजन चार हजार आठशे बावन्न किलो दाखवतंय की. एवढी हळद दोन पोत्यात मावती व्हय?"

पोती होती ४८ आणि ५२ किलोची. बेरीज १०० यायला हवी होती. प्रोग्रॅमने दोन्ही आकडे शेजारी शेजारी चिकटवून ४८५२ करून टाकले होते. चूक माझी होती. अण्णांची नजर तयार, म्हणून ती पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली नाही.

तुम्ही प्रोग्रॅमर नसलात तरी या चुकीची भावंडं तुम्हाला भेटलेली असतील. 'प्रिय अनडिफाइन्ड, आपला हप्ता जमा झाला आहे' असा मेसेज, बिलात रकमेच्या जागी 'नॅन', पत्त्याच्या जागी 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट'. वाचणाऱ्याला वाटतं मोबाइल बिघडला, नाहीतर आपलंच काही चुकलं. मोबाइल ठीक असतो आणि तुमचंही काही चुकलेलं नसतं. आत कुठेतरी प्रोग्रॅमने हातात आलेला माल न तपासताच पुढे ढकललेला असतो. तो तपासायचा कसा आणि तपासताना कुठे फसायला होतं, ते इथे सांगतो.

## पेव वरून बघून कळत नाही

संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक माहितीला एक प्रकार असतो. ४८ हे आकडा म्हणून साठवलं तर त्याची बेरीज-वजाबाकी होते. त्याला नंबर म्हणतात. तेच ४८ दोन अक्षरं म्हणून साठवलं तर ती स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ. माळेला माळ जोडता येते, तिची बेरीज होत नाही. होय किंवा नाही एवढंच सांगणारा प्रकार म्हणजे बूलियन. एकामागोमाग लावलेली यादी, उदाहरणार्थ सगळ्या पोत्यांची वजनं, म्हणजे ॲरे. आणि नाव, गाव, वजन, दर अशा वेगवेगळ्या रकान्यांची एकत्र गाठ मारली की झाला ऑब्जेक्ट. आपली पट्टी हा असाच एक ऑब्जेक्ट.

जावासारख्या भाषांमध्ये माहिती ठेवायच्या जागेचा प्रकार आधीच ठरवून द्यावा लागतो. नंबराच्या डब्यात स्ट्रिंग घालायला गेलात तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. जावास्क्रिप्टमध्ये तसं नाही. जागेला नुसतं नाव असतं, प्रकार आतल्या मालाला असतो. सकाळी ज्या नावाखाली नंबर होता, त्याच नावाखाली दुपारी स्ट्रिंग आली तरी भाषेची हरकत नसते.

हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं असायची, ती आठवा. तोंड बंद करून वर माती टाकली की आत हळकुंड आहे, गड्डा आहे की पेव रिकामंच आहे, हे वरून चालणाऱ्याला कळायचं नाही. जावास्क्रिप्टमधलं नाव म्हणजे पेवाचं तोंड. आत काय आहे ते उघडल्यावरच, म्हणजे प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालत असतानाच कळतं. या चालत असण्याच्या वेळेला रनटाइम म्हणतात, आणि त्या वेळी प्रकार तपासणं हा आपला विषय.

माझ्या प्रोग्रॅममध्ये काय झालं? ब्राउझरच्या पानावरच्या चौकटीत माणूस जे टाइप करतो, ते प्रोग्रॅमच्या हातात नेहमी स्ट्रिंग म्हणून येतं. चौकट 'फक्त आकडे' अशी बांधलेली असली तरीही. आकडा म्हणून हवं असेल तर तसं वेगळं मागावं लागतं. मी मागितलं नव्हतं.

## भाषा अडून का बसली नाही?

हा प्रश्न अण्णांनीही विचारला. "त्याला कळाय नको व्हय, की वजनं हायत म्हणून?"

जावास्क्रिप्टमध्ये अधिक हे चिन्ह दोन कामं करतं. दोन्हीकडे नंबर असतील तर बेरीज, एकीकडे जरी स्ट्रिंग असली तरी जोडणी. वजाबाकी आणि गुणाकार मात्र फक्त आकड्यांचेच होतात, त्यामुळे तिथे स्ट्रिंग आली तर भाषा गुपचूप तिचा नंबर करून घेते. म्हणून इंग्रजी आकड्यांत टाइप केलेल्या '४८' या स्ट्रिंगला दराने गुणलं की उत्तर अगदी बरोबर येतं. मी चाचणी एका पोत्यावर केली होती. एका पोत्याला बेरीज लागत नाही, नुसता गुणाकार लागतो, आणि पट्टी बिनचूक आली. दुसरं पोतं काट्यावर चढल्यावर चूक उघडी पडली. असल्या चुका म्हणूनच घातक: त्या प्रत्येक वेळी दिसत नाहीत.

या चालवून घेण्याला इतिहास आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत असताना या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला. आधी तिचं नाव मोका होतं, मग लाइव्हस्क्रिप्ट झालं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जावास्क्रिप्ट. वेबपानावर छोटी छोटी कामं करायला हौशी माणसांनाही जमेल अशी भाषा हवी होती. जरा चुकलं म्हणून पान कोरं पडू नये, जमेल तसं पुढे चालावं, हा तिचा स्वभाव. पानावरचं चित्र हलवायला तो स्वभाव चांगलाच आहे. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे पैसे मोजायला मात्र तो पुरत नाही. तिथे आपण स्वतः पहारा बसवावा लागतो.

## सौद्यात ९८०० ची बोली १२५०० च्या वर

बेरजेची चूक निदान डोळ्यांत भरते. हिच्यापेक्षा वाईट चूक तुलनेत लपते.

समजा क्विंटलला दोन बोल्या आल्या, ९८०० आणि १२५००, आणि दोन्ही स्ट्रिंग म्हणून साठल्या. मोठी कोणती असं विचारलं तर जावास्क्रिप्ट सांगेल, ९८००. कारण स्ट्रिंगची तुलना शब्दकोशातल्या शब्दांसारखी होते: पहिलं अक्षर पहिल्या अक्षराशी. नऊ हे अक्षर एकच्या नंतर येतं, म्हणून ९८०० 'मोठा'. आता यावर कुणी स्क्रीनवर 'सर्वांत जास्त बोली' अशी पाटी लावली, तर शेतकऱ्याचे क्विंटलमागे २७०० रुपये गेले, आणि स्क्रीनवर काहीही विचित्र दिसलं नाही.

यात आणखी एक खड्डा आहे, त्यात कसलेले लोकही पडतात. ॲरेला क्रमाने लावणारं 'सॉर्ट' नावाचं काम, तुलना कशी करायची हे सांगितलं नाही तर, खरोखरच्या नंबरांचीही आधी स्ट्रिंग करून तुलना करतं. म्हणजे माल अगदी बरोबर प्रकारचा असूनही १२५०० आधी आणि ९८०० नंतर. त्याला 'आकडे म्हणून लाव' हे वेगळं सांगावंच लागतं.

## फाटकावरचा वॉचमन : टाइपऑफ

प्रकार विचारायचं सगळ्यांत सोपं हत्यार म्हणजे 'टाइपऑफ'. कुठल्याही मालाच्या आधी हा शब्द लिहिला की तो एका शब्दात प्रकार सांगतो. त्याच्याकडे ठरलेली आठच उत्तरं आहेत: नंबर, स्ट्रिंग, बूलियन, अनडिफाइन्ड, फंक्शन (एखादं काम करून देणारा प्रोग्रॅमचा तुकडा), सिंबॉल, बिगइंट आणि ऑब्जेक्ट. यातली सिंबॉल आणि बिगइंट रोजच्या हिशोबात क्वचित लागतात, ती बाजूला ठेवू.

नंबर, स्ट्रिंग, बूलियन यांच्या बाबतीत टाइपऑफवर डोळे मिटून भरवसा ठेवावा. मी वजनावर टाइपऑफ लावला असता तर त्याने लगेच 'स्ट्रिंग' म्हणून सांगितलं असतं आणि अण्णांना फोन करावा लागला नसता.

अडचण सुरू होते ती 'ऑब्जेक्ट' या उत्तरापाशी. यार्डाच्या फाटकावरचा वॉचमन प्रत्येक वाहनाची नोंद 'गाडी' एवढीच करत असेल तर? हळदीचा ट्रॅक्टर, बेदाण्याचा टेम्पो, गुळाचा ट्रक, सगळे 'गाडी'. टाइपऑफ तसंच करतो. पट्टी दिली तर ऑब्जेक्ट, वजनांची यादी म्हणजे ॲरे दिला तरी ऑब्जेक्ट, तारीख दिली तरी ऑब्जेक्ट. यादी आहे की नाही हे विचारायला म्हणूनच 'ॲरे डॉट इजॲरे' अशी वेगळी सोय भाषेत २००९ च्या आवृत्तीत आली. यादीसाठी तीच वापरावी, दुसरं काही शोधत बसू नये.

आणि एक वेळ अशी येते की गाडी आलेलीच नसते, तरी वॉचमन 'गाडी' लिहितो. 'इथे मुद्दाम काहीही ठेवलेलं नाही' हे सांगायला जावास्क्रिप्टमध्ये 'नल' असतं. नलवर टाइपऑफ लावला की उत्तर येतं, ऑब्जेक्ट. हे चूकच आहे, आणि ती पहिल्या आवृत्तीपासूनची आहे. तेव्हा प्रत्येक मालाच्या शेवटच्या काही बिटांमध्ये, म्हणजे शून्य-एकांमध्ये, त्याच्या प्रकाराची खूण ठेवली जायची. ऑब्जेक्टची खूण होती तीन शून्यं. नल म्हणजे सगळीच शून्यं. टाइपऑफने खुणेकडे पाहिलं, तीन शून्यं दिसली, आणि 'ऑब्जेक्ट' म्हणून मोकळा झाला. पुढे ही चूक सुधारायचा प्रस्ताव आला होता, पण तोवर असंख्य पानं याच चुकीच्या उत्तरावर विसंबून चालत होती. सुधारणा केली असती तर ती मोडली असती, म्हणून प्रस्ताव मागे पडला. तेव्हा ऑब्जेक्ट आहे का हे विचारताना 'आणि नल नाही ना?' हे जोडीला विचारायची सवय हाताला लावून घ्यावी लागते.

'नॅन'चं कोडंही इथेच सुटतं. नॅन म्हणजे 'हा आकडा नव्हे'. 'अंदाजे ५०' अशा स्ट्रिंगचा नंबर करायला गेलो, किंवा नसलेल्या दराने वजनाला गुणलं, की उत्तर नॅन. पण टाइपऑफला विचारा, तो सांगेल नंबर! हिशोबाच्या यंत्राच्या दृष्टीने नॅन हा आकड्यांच्याच खात्यातला, 'उत्तर निघालं नाही' असं सांगणारा खास शिक्का आहे. तो संसर्गासारखा पसरतो. शंभर वजनांत एक नॅन असला तर सगळी बेरीज नॅन. शिवाय नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो, त्यामुळे 'हे नॅन आहे का?' हे बरोबरीच्या चिन्हाने विचारताच येत नाही. रोजच्या वापरासाठी माझी शिफारस एकच: 'नंबर डॉट इजफायनाइट'. माल नंबरच आहे, नॅन नाही आणि अनंतही नाही, या तिन्ही गोष्टी तो एका फटक्यात तपासतो, आणि स्ट्रिंगला चक्क 'नाही' म्हणतो.

## घराणं विचारणं : इन्स्टन्सऑफ

गाडी तर आहे, पण कोणाची? यासाठी 'इन्स्टन्सऑफ' हे दुसरं हत्यार. जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टला सहसा एक वडीलधारा ऑब्जेक्ट असतो. स्वतःला न येणारं काम तो वडिलांकडून उसनं घेतो. त्या वडिलांना आणखी वरचे वडील. या वंशावळीला प्रोटोटाइप साखळी म्हणतात. इन्स्टन्सऑफ ही साखळी चढत जातो आणि अमुक घराणं वर कुठे सापडतं का ते सांगतो. ही गोष्ट 'डेट'च्या घराण्यातली आहे का, मीच बनवलेल्या 'पट्टी'च्या घराण्यातली आहे का, हे असं कळतं.

यातही दोन खाचा आहेत. पहिली: तासगावचे पाटील आणि कराडचे पाटील. आडनाव एकच, घराणी वेगळी. एका वेबपानाच्या आत दुसरं पान चौकटीत बसवलं, तर त्या आतल्या पानाचं ॲरेचं घराणं वेगळं असतं. आतून बाहेर आलेली यादी सगळ्या अर्थाने यादीच असते, पण बाहेरचा इन्स्टन्सऑफ म्हणतो, 'हे आमच्यातले नव्हेत'. इजॲरे मात्र दोघांनाही बरोबर ओळखतो, म्हणून त्याला वरचं स्थान.

दुसरी खाच जास्त महत्त्वाची. घराणं चांगलं म्हणून माणूस चांगला असं नसतं. 'परवा' या शब्दापासून तारीख बनवायला सांगितली तर जावास्क्रिप्ट एक अवैध तारीख बनवून देतं. घराणं डेटचंच, इन्स्टन्सऑफ 'होय' म्हणतो, पण आत वेळ विचारली की नॅन. तारखेच्या बाबतीत म्हणून आतली वेळ खरा आकडा आहे का हेही बघावं लागतं.

## शेवटी पोतं उघडावंच लागतं

सौद्याच्या वेळी पोत्यावर काय लिहिलंय त्यावर कुणी व्यापारी बोली लावत नाही. हळद हातात घेतो, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. ऑब्जेक्टचंही तसंच आहे. 'हा ऑब्जेक्ट आहे' या उत्तराने आपलं काही भागत नाही. आपल्याला हवं असतं ते असं: यात नावाचा रकाना आहे का, ती रिकामी नसलेली स्ट्रिंग आहे का? पोती हा रकाना यादी आहे का, यादीतलं प्रत्येक वजन खरा आकडा आहे का? दर शून्याच्या वर आहे का? तारीख खरी आहे का? याला आकार तपासणं म्हणू.

'अनडिफाइन्ड'चा मेसेज इथे अडवता येतो. रकाना मुळात नसेल आणि तो मागितला, तर जावास्क्रिप्ट तक्रार न करता 'अनडिफाइन्ड' देतं. तेच नावाच्या जागी छापलं जातं. लिहिणाऱ्याने रकान्याचं नाव एका ठिकाणी 'नाव' आणि दुसऱ्या ठिकाणी 'नांव' लिहिलं असलं तरी एवढं पुरतं. आणि 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' कधी येतं? जिथे एक रकाना हवा होता तिथे अख्खी गाठच चिकटवली जाते तेव्हा. पत्त्यात गाव, तालुका, पिन असे आतले रकाने आहेत, आणि प्रोग्रॅमने गाव न काढता पत्ताच्या पत्ता छापला.

रकाना आहे की नाही हे बघायची एक घाईची पद्धत सर्रास दिसते: नुसतं 'उचल असेल तर' असं लिहायचं. ही पद्धत मी कुणालाही वापरू देत नाही. कारण जावास्क्रिप्टच्या लेखी शून्य, रिकामी स्ट्रिंग, नल, अनडिफाइन्ड आणि नॅन हे सगळे 'नाही'च्या गटात. ज्या शेतकऱ्याने एक रुपयाही उचल घेतलेली नाही, त्याची उचल शून्य आहे. ती भरलेली, खरी, अभिमानाने सांगावी अशी माहिती आहे. पण घाईची तपासणी म्हणते, 'उचल भरलेली नाही', आणि पट्टी अडवून ठेवते. शून्य असणं आणि नसणं यांतला फरक राखायचा तर 'अनडिफाइन्ड आहे का', 'नल आहे का' असं नाव घेऊनच विचारावं.

## आपले आकडे जावास्क्रिप्टला कळत नाहीत

मराठी वापरणाऱ्यांसाठी हा भाग स्वतंत्र लिहावा लागतो, कारण शिकवण्या घेणारे सहसा इथवर येतच नाहीत.

अण्णांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे. तिथून वजन टाइप केलं तर ते देवनागरीत येतं. त्या ४८ ला नंबर कर म्हटलं तर जावास्क्रिप्ट नॅन देतं. त्याला शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडेच आकडे म्हणून कळतात, देवनागरी आकडे त्याच्यासाठी इतर अक्षरांसारखीच अक्षरं. उपाय अवघड नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी शून्यापासून नवापर्यंतची अक्षरं ओळीने एकाला एक लागून आहेत, त्यामुळे प्रत्येकाच्या जागी त्याचा इंग्रजी जोडीदार ठेवायला दोन ओळी पुरतात. पण त्या दोन ओळी कुणीतरी लिहाव्या लागतात. 'ग्राहकाला इंग्रजी आकडे टाकायला सांगा' हे उत्तर मला मान्य नाही. वही मराठीत लिहिणाऱ्या माणसाने यंत्रासाठी आपले आकडे सोडायचे कारण नाही.

दुसरं, स्वल्पविराम. एक लाख पंचवीस हजार आपण १,२५,००० असे लिहितो. या अख्ख्या स्ट्रिंगचा नंबर करायला सांगितलं तर उत्तर नॅन. 'पार्सइंट' नावाचं दुसरं काम मात्र सुरुवातीपासून जमेल तेवढं वाचतं आणि पहिल्या न कळलेल्या अक्षराशी थांबतं. ते इंग्रजी आकड्यांतल्या याच रकमेचं उत्तर देतं, एक. सव्वा लाखाचा एक रुपया, आणि तोही अगदी शुद्ध नंबर, टाइपऑफ आणि इजफायनाइट दोघांच्याही परीक्षेत पास. नॅन आलेला परवडला, निदान तो दिसतो.

तिसरं, रिकामी चौकट. रिकाम्या स्ट्रिंगचा नंबर केला की शून्य मिळतो. वजन भरायचं राहून गेलं आणि प्रोग्रॅमने शून्य किलो धरलं. म्हणून नंबर करण्याच्या आधी 'काही लिहिलंय का' हे विचारलंच पाहिजे.

आणि जे आकड्यांसारखं दिसतं ते सगळं नंबर करू नये. सांगलीचा दूरध्वनी कोड ०२३३. त्याचा नंबर केला तर २३३ उरतो, पुढचं शून्य गेलं. तोच कोड प्रोग्रॅमच्या मजकुरात शून्यासह थेट आकडा म्हणून लिहिला तर जुन्या रीतीने तो दहाऐवजी आठ या पायावर मोजलेला धरला जातो आणि होतो १५५! गट नंबर, पिनकोड, बँकेचा खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक यांची आपण कधी बेरीज करतो का? करत नाही. मग त्यांना स्ट्रिंगच राहू द्यावं.

## "टाइपस्क्रिप्ट वापरलं की हे सगळं मिटतं ना?"

सांगलीतल्याच एका तरुण मित्राने मला हे विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. टाइपस्क्रिप्ट ही मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली, जावास्क्रिप्टवर बेतलेली भाषा. तीत कुठे कोणता प्रकार येणार हे लिहून ठेवता येतं आणि प्रोग्रॅम लिहीत असतानाच चुका दिसतात. मी स्वतः ती वापरतो.

पण पावतीपुस्तक छापून घेतल्याची कल्पना करा. छापखान्यातला माणूस रकाने जागेवर आहेत का, 'वजन' आधी आणि 'दर' नंतर आहे का, हे प्रूफमध्ये तपासतो. त्याच्या लाल खुणा छापलेल्या पुस्तकात उतरत नाहीत, आणि पुढे वजनाच्या रकान्यात कुणी पेनाने 'दोन पोती' असं लिहिलं तर तो तिथे नसतो. टाइपस्क्रिप्टमधले प्रकारही असेच असतात. प्रोग्रॅम तयार होताना ते पुसले जातात आणि उरतं ते साधं जावास्क्रिप्ट. रनटाइमला कुणीही पहाऱ्यावर नसतं. 'बाहेरून येणारी ही गोष्ट पट्टीच आहे' असं आपण टाइपस्क्रिप्टला सांगितलं, तर ते आपल्या शब्दावर विश्वास ठेवतं, तपासत नाही.

बाहेरून माल येतो तो बहुतेक वेळा 'जेसन' या रूपात, म्हणजे माहिती साध्या मजकुरात मांडायची एक पद्धत. फोनवरून पट्टी वाचून दाखवण्यासारखं आहे हे. शब्द पोचतात, सही-शिक्का पोचत नाही. तारीख पाठवली की पलीकडे स्ट्रिंग म्हणून उतरते. अनडिफाइन्ड असलेला रकाना वाटेत गळून पडतो. नॅन पाठवला तर पलीकडे नल होऊन निघतो. घराणं तर पूर्ण पुसलं जातं, त्यामुळे माझ्या 'पट्टी'चं इन्स्टन्सऑफ तिकडे कधीच 'होय' म्हणणार नाही. तेव्हा टाइपस्क्रिप्ट असो वा नसो, आकार तपासायचं काम उरतंच. ते हाताने लिहिता येतं किंवा झॉडसारखं तयार साधन वापरता येतं. झॉडमध्ये पट्टीचा आकार एकदा सांगितला की त्यातूनच रनटाइमची तपासणीही मिळते आणि टाइपस्क्रिप्टचा प्रकारही, म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहून त्यात तफावत पडायची भीती राहत नाही.

## "प्रत्येक ओळीला तपासत बसलो तर काम कधी होणार?"

प्रत्येक ओळीला तपासू नका. यार्डात माल आत येताना एकदा काट्यावर चढतो, नोंद होते. पुढे गाळ्यातून गोदामात नेताना दर दहा पावलांवर कुणी पुन्हा वजन करत नाही. प्रोग्रॅमलाही ठरावीक फाटकं असतात: माणूस भरतो ती चौकट, दुसऱ्या संगणकाकडून आलेलं उत्तर, वाचलेली फाइल, ब्राउझरमध्ये आधी साठवून ठेवलेली माहिती. तिथे कसून तपासायचं, नंबर करायचे ते तिथेच करायचे, आणि आतल्या कामांना फक्त तपासलेला माल द्यायचा. पट्टीचे दहाबारा रकाने तपासायला यंत्राला इतका कमी वेळ लागतो की माणसाला तो जाणवत नाही.

तपासणीत माल नापास झाला तर काय करायचं, यावर मात्र माझं मत ठाम आहे. देवनागरी आकडे इंग्रजीत बदलणं, स्वल्पविराम काढणं, आजूबाजूची मोकळी जागा छाटणं, एवढी दुरुस्ती प्रोग्रॅमने स्वतः करावी, कारण त्यात अर्थ बदलत नाही. पण 'अंदाजे ५०' चे पन्नास करू नयेत. दर नसेल तर कालचा दर धरू नये. तिथे थांबावं आणि भरणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगावं: 'तिसऱ्या पोत्याचं वजन वाचता आलं नाही, पुन्हा भरा.' 'अवैध इनपुट' एवढंच लिहिलेला लाल पट्टा दुकानातल्या कुणाच्याच उपयोगाचा नाही.

## प्रकार बरोबर, आकडा चुकीचा

सगळं दुरुस्त केल्यावर मी अण्णांना दाखवायला गेलो. त्यांनी पोत्याचं वजन मुद्दाम ४८० टाकलं. प्रोग्रॅमने मुकाट्याने घेतलं, कारण ४८० हा खराखुरा नंबर होता. "हमालाला विचार की, एक पोतं किती जड असतंय ते," अण्णा म्हणाले. मी खरंच विचारलं. हमालांनी सांगितलेल्या वजनाला थोडी सूट ठेवून वरची मर्यादा बसवली. त्यापुढचा आकडा आला की प्रोग्रॅम नाकारत नाही, 'नक्की का?' असं विचारतो.

मग अण्णांनी ५२ च्या जागी २५ टाकलं. प्रकार बरोबर, मर्यादेच्या आत, आणि तरी चूक. हे पकडणारं काहीही जावास्क्रिप्टमध्ये नाही. ते तोलाईदाराच्या वहीत आहे. म्हणून आता पट्टी छापायच्या आधी प्रोग्रॅम एकूण पोती आणि एकूण वजन मोठ्या अक्षरांत दाखवून थांबतो, तोलाईदार आपल्या वहीतली बेरीज वाचून दाखवतो, आणि दोन्ही जुळली की अण्णा बटण दाबतात.